मुख्यालयाने सांगितलेला ‘वारसा महिना’ नाशिकच्या कारखान्यात कसा पाळावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्याची मूळ कंपनी ब्रिटनमधील असून, तेथील मुख्यालयाने सर्व शाखांना ‘साउथ एशियन हेरिटेज मंथ’ साजरा करण्याची सूचना पाठवली आहे. सोबत कार्यक्रमांची यादी आहे: पारंपरिक वेशभूषेचा दिवस, खाद्यपदार्थांचे स्टॉल, नृत्य, रांगोळी आणि या सगळ्याची छायाचित्रे. आपल्याकडे कायम आणि कंत्राटी मिळून चारशेच्या आसपास माणसे आहेत. त्यांत मूळचे नाशिककर आहेत, खानदेशातून येऊन सिडको-सातपूरला स्थायिक झालेले आहेत, पेठ-सुरगाण्याचे आदिवासी तरुण आहेत, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशाचे कामगार आहेत, आणि सुरक्षारक्षकांत व कॅन्टीनमध्ये काही नेपाळी माणसे आहेत. हा महिना कसा साजरा करावा, त्यातून कोणी दुखावेल का आणि आलेले पैसे कशावर खर्च करावेत, असे आपण विचारले आहे. नाशिकच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागाचे काम बराच काळ केल्यामुळे मी उत्तर थोडे लांबून, पण व्यवहाराला धरून देतो.

या उपक्रमाचे मूळ आधी पाहिलेले बरे, कारण मुख्यालयाला काय उत्तर द्यायचे हे त्यावरच ठरणार आहे. ब्रिटनमध्ये हा महिना २०२० पासून पाळला जाऊ लागला. सुरुवातीला त्याचा कालावधी १८ जुलै ते १७ ऑगस्ट असा ठेवला होता, कारण १८ जुलै १९४७ रोजी भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला ब्रिटिश राजाची संमती मिळाली आणि १७ ऑगस्ट १९४७ रोजी रॅडक्लिफ यांनी आखलेली फाळणीची रेषा जाहीर झाली. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अशाच हेतूने मे महिना पाळतात. तेथे ५ मे या तारखेला महत्त्व आहे, कारण १८३८ मध्ये त्या दिवशी भारतीय मजुरांना घेऊन आलेली पहिली जहाजे ब्रिटिश गयानाच्या किनाऱ्याला लागली. दोन्ही उपक्रम परक्या देशात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या लोकांनी आपल्यासाठी उभे केले आहेत आणि तेथे ते योग्यच आहेत. बर्मिंगहॅमच्या कार्यालयात साडी नेसून आलेली स्त्री आपले अस्तित्व नोंदवत असते. अंबडमध्ये साडी नेसून आलेली स्त्री फक्त कामावर आलेली असते. मुख्यालयाची यादी जशीच्या तशी उचलली, तर फेटे, नऊवारी, लेझीम आणि मिसळ यांचा एक दिवस पार पडेल, बहुसंख्य लोक स्वतःचेच कौतुक करून घेतील आणि ज्यांना सामावून घ्यायचे ते टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहतील.

माझे मत असे आहे की, कारखान्यात कोणाचा वारसा मानला जातो हे रजेच्या अर्जावर कोणता शेरा पडतो यावरून कळते. म्हणून मंडप आणि स्टॉल ठरवण्याआधी मागील दोन वर्षांचे रजेचे रजिस्टर काढावे. नामंजूर झालेल्या रजा आणि विनापरवाना गैरहजेरी कोणत्या आठवड्यांत, कोणत्या विभागात आणि कोणाच्या नावावर साचली आहे, एवढेच पाहावे. बहुतेक ठिकाणी त्या आठवड्यांत कोणाचा ना कोणाचा सण दडलेला असतो आणि सुपरवायझरला त्याचे नावही माहीत नसते.

उदाहरण आपल्या परिसरातलेच घ्या. खानदेशी कुटुंबांत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. सिडकोत त्या सोमवारी वाजतगाजत मिरवणुका निघतात, आणि त्याच सोमवारी कारखान्यांत पहिल्या शिफ्टला माणसे कमी पडतात. ज्याला हे ठाऊक नाही तो व्यवस्थापक या गैरहजेरीचा संबंध रविवारच्या पिण्याशी जोडून मोकळा होतो. कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या भागांतील आदिवासी गावांत मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. तो अनेक दिवस चालतो, व्रत घेतलेल्यांना कडक नियम पाळावे लागतात आणि पौर्णिमेच्या सुमारास त्याची सांगता होते. हा काळ नेमका वर्षअखेरच्या डिस्पॅचच्या घाईत येतो. त्या मुलाने ‘घरी काम आहे’ एवढेच लिहून अर्ज दिला असेल, तर डोंगऱ्यादेव म्हटल्यावर समोरचा हसेल अशी त्याला धास्ती असते. आणि हा सगळा वारसा महिना जुलैत येतो, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पट्ट्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चाललेली असते. आवणीला सण म्हणता येणार नाही, पण तिच्यासाठी दिलेली दोन दिवसांची रजा त्या घराला कोणत्याही सांस्कृतिक कार्यक्रमापेक्षा अधिक मोलाची वाटेल.

छठचा प्रश्न वेगळा आहे आणि तो रेल्वेच्या आरक्षणाशी बांधलेला आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. दिवाळी ते छठ या काळात उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची तिकिटे पहिल्याच दिवशी संपतात, हे नाशिकरोड स्थानकावर कोणालाही विचारले तरी सांगेल. म्हणून छठची रजा किमान अडीच महिने आधी, लेखी मंजूर झाली पाहिजे. ऑक्टोबरात उदार मनाने दिलेली रजा त्या माणसाला जनरल डब्यातून उभ्याने प्रवास करायला लावते, आणि मग तो परतीच्या तिकिटासाठी आठवडाभर अडकला की आपण त्याच्या नावाने खडे फोडतो. जे गावी जात नाहीत आणि गोदाघाटावर छठ करतात त्यांना पूर्ण रजा लागतही नाही. एका संध्याकाळी मावळत्या सूर्याला आणि दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचे असते. त्या दिवशीची दुसरी शिफ्ट, रात्रपाळी आणि दुसऱ्या दिवशीची पहिली शिफ्ट एवढी अदलाबदल करून दिली की काम भागते. रमझानमध्येही असेच. दुसऱ्या शिफ्टची चहाची सुट्टी इफ्तारच्या वेळेवर सरकवणे आणि रोजा ठेवणाऱ्याने विनंती केल्यास त्याला भट्टीपासून लांबचे काम देणे याला पैसे लागत नाहीत. मात्र विनंती त्याच्याकडून यावी; आपण परस्पर ठरवून त्याला बाजूला काढू नये.

हे सारे प्रत्येक वेळी सुपरवायझरच्या मर्जीवर सोडले तर टिकत नाही. कारखान्याबाहेरच्या दुकाने-कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आठ पगारी सणसुट्ट्या देतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी संमतीने ठरवायच्या. तो कायदा आपल्या शॉप फ्लोअरला लागू नसला तरी त्यातील संमतीचे तत्त्व उचलण्याजोगे आहे. युनियनशी बोलून सुट्ट्यांच्या यादीतील दोन दिवस ऐच्छिक करावेत, म्हणजे ते कोणत्या दिवशी घ्यायचे हे ज्याचे त्याने वर्षाच्या आरंभी किंवा, ईदसारख्या चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सणाला, आदल्या आठवड्यात सांगावे. मग ओडिशाचा कामगार जूनमधल्या ‘रज’ सणाला, नेपाळी रक्षक दशैंला आणि बौद्ध कामगार ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर जाण्यासाठी तो दिवस वापरू शकेल, आणि कोणालाही आजी आजारी असल्याचे सांगावे लागणार नाही. ही सवलत कंत्राटी कामगारांना नसेल तर तिचा अर्धा उपयोग गेला, कारण परप्रांतीय आणि आदिवासी कामगार बहुधा ठेकेदाराच्याच पटावर असतात. ठेकेदाराच्या करारातच ती लिहून घ्यावी आणि त्या दिवसाचे पैसे त्याच्या दरात धरावेत. तोंडी सांगितलेले ठेकेदार विसरतो. दिवाळीच्या मिठाईचा डबा कायम माणसाला मोठा आणि कंत्राटीला लहान, किंवा त्याला मुळीच नाही, ही पद्धत आपल्याकडे असेल तर तीही याच वर्षी बंद करावी.

यंत्रपूजेचे एक वेगळेच गमतीदार अंग आहे. आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे हार पडतात. उत्तर भारत, बंगाल आणि ओडिशाचे कामगार १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजा करतात. आणि महाराष्ट्रातील सुतार मंडळी विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला मानतात. म्हणजे हत्याराविषयीचा आदर एकच आणि तारखा तीन. काही कारखान्यांत दसऱ्याची पूजा कंपनीच्या खर्चाने होते आणि १७ सप्टेंबरची परप्रांतीय कामगार आपसांत वर्गणी काढून मेंटेनन्सच्या कोपऱ्यात उरकतात. दोन्हींना सारखाच खर्च आणि सारखाच अर्धा तास दिला तर त्याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा लवकर दिसतो. ज्यांना पूजेत भाग घ्यायचा नाही त्यांच्या न येण्याची नोंद होऊ नये आणि वर्गणी कोणाच्याही पगारातून परस्पर कापली जाऊ नये. सत्यनारायणाबाबतही माझे हेच म्हणणे आहे. हळदीकुंकवाचा कार्यक्रम मात्र मी कंपनीच्या नावाने करू देत नाही. विधवा आणि परित्यक्ता सहकारी त्या दिवशी मशीनपाशी एकट्या राहतात, आणि ‘आम्ही सगळ्यांना बोलावतो’ असे म्हटल्याने त्यांचा संकोच जात नाही.

कॅन्टीनविषयी थोडक्यात. शाकाहारी आणि मांसाहारी अन्नाची भांडी व पळ्या वेगळ्या ठेवाव्यात, ते रास्त आहे. बसायची टेबले वेगळी करू नयेत, कारण टेबलांची वाटणी आज खाण्यावरून झाली तरी उद्या माणसांवरून होते. स्टॉलच्या दिवसाऐवजी कॅन्टीनमध्ये वर्षभर, महिन्यातून एकदा, एका समूहाचा नेहमीचा पदार्थ असावा: नागलीची भाकर, लिट्टी-चोखा, दालमा, शेवभाजी. तो कसा करायचा हे त्या त्या घरच्या माणसाने कॅन्टीनच्या आचाऱ्याला दाखवावे आणि तेवढा वेळ कामात धरावा. महिला कर्मचाऱ्यांनी घरून डबे भरून आणायचे आणि फोटोत मात्र साहेबांनी चमचा धरायचा, हा प्रकार आता पुरे झाला.

संबोधनांकडे लक्ष द्यावे. नेपाळी रक्षकाचे नाव काहीही असो, त्याला सर्रास ‘बहादूर’ म्हणतात. उत्तरेकडच्या कामगाराला ‘ए भय्या’ अशी हाक जाते. हजेरीपत्रकावरचे नाव हेल्मेटवर मराठी आणि हिंदी अशा दोन्हींत समजेल असे मोठ्या अक्षरांत लिहिणे हा स्वस्त आणि प्रभावी उपाय आहे. सुरक्षेच्या सूचनाही सगळ्यांना वाचता येतील अशा भाषांत हव्यात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांत. प्रेस मशीनपाशी ओडिया कामगाराला केवळ मराठी सूचना देणे म्हणजे त्याचे बोट पणाला लावणे आहे.

आता ज्या विषयावर आपण प्रश्नात काहीच लिहिलेले नाही तिकडे वळतो. आपल्या उपखंडाचा वारसा म्हटले की त्यात जात आलीच, आणि ती विमानात बसून परदेशीही गेली. अमेरिकेतील सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावावर कायद्याने बंदी घातली, तीही स्थलांतरित दक्षिण आशियाई कर्मचाऱ्यांच्या तक्रारींची चर्चा झाल्यानंतर. नाशिकला तर हा इतिहास घरचा आहे. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी येथे सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याची स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात झाली. वारशाच्या प्रदर्शनात रामकुंड, कुंभमेळा आणि द्राक्षे लावायची आणि हे वगळायचे, हा अपुरेपणा आपल्या निम्म्या कामगारांच्या लगेच लक्षात येईल, जरी त्यांनी तोंडाने काही म्हटले नाही तरी.

कारखान्यातली जात उघड शिवीगाळीत क्वचित दिसते. ‘पूर्ण नाव काय?’ या चौकशीत ती असते, नव्या मुलाला कोणत्या सुपरवायझरने हाताखाली घेतले यात असते, आणि ऑपरेटरपदावरून लाइन लीडर कोण झाले या यादीत तर ती वाचताच येते. म्हणून भरती आणि बढतीच्या मुलाखतीत एकाच विभागाची, एकाच गोतावळ्याची माणसे बसवू नयेत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. जात, धर्म, प्रांत यांवरून होणाऱ्या अपमानाच्या तक्रारींसाठी खासगी कारखान्याला तशी सक्ती नाही, पण आपल्या धोरणात तशी समिती असावी, तीत कंत्राटी कामगारांचा प्रतिनिधी असावा आणि तक्रार मराठीत वा हिंदीत, तोंडीही घेतली जावी. प्रकार अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येण्याजोगा असेल, तर तो आतल्या आत मिटवण्याचा सल्ला देणाऱ्याचे मुळीच ऐकू नये.

इतके केल्यावर कार्यक्रमही करावा. मी कार्यक्रमांच्या विरोधात नाही. माझी पहिली पसंती पांडवलेण्यांना आहे. ही प्राचीन बौद्ध लेणी अंबडहून अगदी जवळ आहेत आणि तरी आपल्यातील अनेकांनी नीट पाहिलेली नसतात. तेथील दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमठेव ठेवली: २००० एका श्रेणीकडे दरमहा एक टक्का व्याजाने आणि १००० दुसरीकडे दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायची नाही. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस गुणिले बारा हेही २४०च. हा हिशेब आपल्या अकाउंट्स विभागाला आवडेल. एक शक सरदार, एक बौद्ध संघ आणि गावातले विणकर यांचा हा व्यवहार आहे आणि तो निभावण्याची पत कारागिरांच्या संघटनेकडे होती. याच डोंगरावर उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, खोदवलेले लेणे आहे आणि गौतमी बलश्रीचा सातवाहन कुळाची थोरवी सांगणारा लेखही आहे. बाहेरून आलेल्यांनी या गावात काय केले, हे परप्रांतीय कामगाराला सांगायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

ही भेट तिन्ही शिफ्टच्या माणसांसाठी, गटागटाने, कामाच्या वेळेत आणि पगारी असावी. माहिती सांगायला बाहेरचा वक्ता आणण्याऐवजी शॉप फ्लोअरवरील दोघातिघांना आधी तयार करावे. जुलैत पायऱ्या निसरड्या असतात आणि चढ सगळ्यांना झेपत नाही, म्हणून ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी हेच विवेचन छायाचित्रांसह कारखान्यात व्हावे. दुसरा कार्यक्रम येवल्याच्या पैठणी विणकराचे किंवा मालेगावच्या यंत्रमाग कारागिराचे प्रात्यक्षिक असू शकतो. त्यांना योग्य मानधन द्यावे. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन येतो. त्या दिवशी पावरी किंवा तारपा वाजवणारे कलावंत बोलवायचे तर तेही मानधन देऊनच बोलवावेत. आपल्याच आदिवासी ऑपरेटरला ‘तुमचा तो नाच करून दाखवा’ असे सांगू नये आणि डोंगऱ्यादेवाचे विधी मंचावर आणू नयेत, कारण ते प्रयोगासाठी नसतात.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. आठ सार्क देशांचे आठ झेंडे आणि आठ स्टॉल ही कल्पना मुख्यालयाच्या यादीत असेलच. लंडनमध्ये ती निरुपद्रवी आहे. येथे पाकिस्तान वा बांगलादेशाच्या स्टॉलवर कोणाला उभे करणार, या प्रश्नापाशीच ती बिघडते. बहुधा ते एखाद्या मुस्लिम सहकाऱ्याच्या वाट्याला येते आणि तो फोटो कोठे जाईल यावर आपले नियंत्रण राहत नाही. पश्चिम बंगालमधून आलेल्या बंगालीभाषक कामगाराला आधीच ‘बांगलादेशी’ म्हणून हिणवले जाते. आपण त्यात भर घालू नये. फाळणीविषयी बोलायचेच असेल, तर देवळालीला येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या आठवणी आहेत आणि त्या कोणाला संशयाच्या जागी उभे करत नाहीत.

मुख्यालयाला उत्तर लिहिताना नकाराचा सूर नसावा. वर सांगितलेले बदल, त्यांच्या तारखा आणि अपेक्षित खर्च लिहून पाठवावेत आणि त्यांच्याकडूनही काही मागावे: लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, ईदच्या किंवा १४ एप्रिलच्या दिवशी ऑडिटचा कॉल लावू नये, आणि आपल्या-त्यांच्या वेळेतील साडेचार तासांचे, हिवाळ्यात साडेपाच तासांचे, अंतर प्रत्येक वेळी आपल्याच माणसांच्या जेवणावेळी येऊ नये. छायाचित्रे हवी असतील तर ज्यांची आहेत त्यांची लेखी संमती घेऊन पाठवावीत.

बजेटचा मोठा भाग कंत्राटी कामगारांच्या ऐच्छिक सुट्ट्यांकडे, त्यानंतरचा पांडवलेणी भेटीच्या वाहनांकडे व कलावंतांच्या मानधनाकडे आणि उरलेला हेल्मेट व सूचनाफलकांकडे वळवावा. टी-शर्ट छापू नयेत. यंदा जुलैत रजिस्टर तपासून होईल आणि लेण्यांची भेट होईल, त्याहून अधिकाची घाई करू नये. छठच्या रजा ऑगस्टमध्येच मंजूर कराव्यात आणि सुट्ट्यांच्या यादीची बोलणी युनियनशी नोव्हेंबरात सुरू करावीत, म्हणजे १ जानेवारीपूर्वी सही होईल.